बारावीनंतर कोल्हापूर सोडायचं का? ऑप्शन फॉर्म भरण्याआधी घरात बसून करायचा हिशोब

२००४ साली बारावी झाली आणि मी पुण्याला गेलो. का चाललास, असं कुणी विचारलं असतं तर "सगळे चाललेत" यापलीकडं मला सांगता आलं नसतं. दीड वर्षात गादी गुंडाळून परत आलो आणि पदवी कोल्हापुरातच पुरी केली. चार वर्षांनी धाकटी बहीण गेली. तिला जो विषय शिकायचा होता तो इथं नव्हता. तो कुठं आहे, हे तिनं स्वतः शोधलं होतं. ती टिकली. घर एकच, आई-वडील तेच, पैसेही जवळपास तेवढेच. ती कशासाठी चाललीय हे तिला ठाऊक होतं आणि मला नव्हतं, एवढाच फरक.

गेल्या वर्षी थोरल्या भावाच्या मुलीची बारावी झाली आणि घरात पुन्हा तोच विषय निघाला. या वेळी आम्ही दोनशे पानी वही आणली आणि एकेक गोष्ट मांडत गेलो. ती पद्धत खाली देतोय. उदाहरणं कोल्हापूर-पुण्याची आहेत, पण चंदगड किंवा गगनबावड्याच्या पोराला कोल्हापूर हेच 'बाहेरगाव' असतं. त्यानं पुण्याच्या जागी कोल्हापूर वाचावं, हिशोब तोच राहतो.

पायरी १ : दोन कागद, दोन वाक्यं

मुलानं एका कागदावर आणि आई-वडिलांनी दुसऱ्या कागदावर एकेकच वाक्य लिहायचं. एकमेकांचं बघायचं नाही. जायचं असेल तर: "मी अमुक ठिकाणी जाणार, कारण अमुक गोष्ट इथं मिळत नाही." राहायचं असेल तर: "मी इथंच राहणार, कारण..." हे दुसरं वाक्य लोक लिहीतच नाहीत. राहणं म्हणजे काही न ठरवणं, असा आपला समज असतो. पण चार वर्षं इथं घालवायची तर त्यालाही कारण लागतंच.

"तिकडं एक्स्पोजर मिळतं" हे वाक्य बाद. एक्स्पोजर म्हणजे नेमकं काय? कुठली प्रयोगशाळा, कुठला शिक्षक, कुठल्या कंपनीतली इंटर्नशिप? "पुण्याचं नाव मोठं आहे" हेही बाद, कारण पुण्यात नाव नसलेली कॉलेजंही ढिगानं आहेत. पुतणीनं लिहिलं होतं, "पुण्यात कंपन्या आहेत." भावानं लिहिलं होतं, "पोरगीला एकटी कशी ठेवायची?" म्हणजे दोघं पंधरा दिवस भांडत होती ती दोन वेगळ्याच प्रश्नांवर. कागद शेजारी ठेवल्यावर हे कळलं, आणि त्या दिवसापासून आवाज जरा खाली आला.

एक कारण मात्र कुणी कागदावर आणत नाही. काही पोरांना कोर्ससाठी नव्हे, घरातून बाहेर पडायचं असतं. घरात रोजची भांडणं असतात, अभ्यासाला कोपरा नसतो, किंवा मुलीच्या लग्नाची बोलणी अधूनमधून डोकं वर काढत असतात. हे कारण खोटं नाही आणि लाजिरवाणंही नाही. मोठ्यांसमोर बोलता येत नसेल तर निदान स्वतःच्या कागदावर लिहा. नाहीतर घरातून सुटण्यासाठी नको असलेला कोर्स घेतला जातो, आणि मग चार वर्षं तोच शिकावा लागतो.

पायरी २ : इथं काय आहे, हे आधी नीट बघा

आपल्याच गावात काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं. राजाराम कॉलेज तर १८८० चं, पुण्यातल्या बऱ्याच मोठ्या नावांच्या आधीचं. सीपीआर या सरकारी दवाखान्याला जोडलेलं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. कृषी महाविद्यालय आहे. अभियांत्रिकीची अनेक कॉलेजं आहेत आणि विद्यापीठाच्या आवारातच तंत्रज्ञान विभाग आहे. वस्त्रोद्योग शिकायचा असेल तर पुण्याकडं बघायचं कारणच नाही, इचलकरंजी तीसेक किलोमीटरवर आहे आणि यंत्रमाग कॉलेजच्या दारात आहेत. मेकॅनिकल किंवा धातुशास्त्राच्या पोरानं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेच्या एमआयडीसीतल्या फाउंड्र्या एकदा आतून बघाव्यात.

वकिलीचं गणित तर अलीकडंच बदललं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथं चालतात. पूर्वी हायकोर्टातलं काम शिकायचं म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची. आता लॉ करता करता एखाद्या सीनियरच्या हाताखाली ते इथंच बघता येतं. पाच वर्षांच्या लॉसाठी मुंबई-पुण्याला निघालेल्यानं आपलं वाक्य पुन्हा तपासावं.

आता उलट बाजू. सॉफ्टवेअर कंपन्या, डिझाइन, सिनेमाचं तंत्र, संशोधन संस्थांतला अर्थशास्त्राचा अभ्यास, परदेशी भाषा यांत पुण्या-मुंबईला जे मिळतं ते इथं त्या प्रमाणात नाही. तिथं जाण्यात अर्थ आहे, आणि उगाच अभिमानानं "आपल्याकडं काय कमी आहे?" म्हणण्यात नाही. मात्र पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुष्कळ ठिकाणी सारखाच असतो. कंपन्यांचा संबंध तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतो, हेही मनात धरा.

कॉलेज बघायला जायचं ते 'ओपन डे'ला नव्हे, साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास. फाटकावर तिसऱ्या वर्षाची पोरं गाठायची आणि तीन गोष्टी विचारायच्या. तास होतात का? लॅबमधली मशिनं चालू आहेत की कपड्याखाली झाकलेली आहेत? तुमच्या ब्रँचच्या गेल्या बॅचमधले किती जण कामाला लागले आणि सर्वसाधारण पगार किती? फ्लेक्सवरचं 'हायेस्ट पॅकेज' एका पोराचं असतं. तुम्हाला मधल्या पोराचा पगार हवा.

पायरी ३ : होम युनिव्हर्सिटीची भानगड

ही गोष्ट अभियांत्रिकीला जाणाऱ्यांनी नीट वाचावी, कारण अर्ध्या घरांत ती फॉर्म भरताना कळते. कोल्हापूर, सांगली, सातारा हे जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. बारावी या जिल्ह्यांतल्या कॉलेजातून झाली असेल तर तुमचं होम युनिव्हर्सिटी शिवाजी. कुठल्याही विद्यापीठाशी संलग्न बऱ्याच कॉलेजांत राज्यातल्या मुलांसाठीच्या जागांपैकी ७० टक्के त्या क्षेत्रातल्यांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. म्हणजे पुण्यात तुम्ही 'बाहेरचे', आणि तिथं तुमच्या वाट्याला कमी जागांची रांग. अकरावी-बारावी लातूरला किंवा पुण्याला केली असेल तर हेच उलटं होतं आणि घरचं कोल्हापूर तुम्हाला परकं होतं.

म्हणून सीईटी सेलचे (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाचे) मागच्या वर्षीचे कटऑफ बघताना गटाच्या कोडचं शेवटचं अक्षर बघा. एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यपातळीवरच्या जागा. पुण्याच्या कॉलेजचा एच रकाना बघून खूश झालेली घरं मी पाहिलीत. तुमचा रकाना ओ आहे.

दुसरी खबरदारी पसंतिक्रमाची, म्हणजे ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजं कुठल्या क्रमानं लिहायची त्याची. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली तर ती घ्यावीच लागते. २०२५ च्या प्रवेशात दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम होता. त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचा, पण धडा तोच: जिथं राहायला जाण्याची घरानं खरंच तयारी केलेली नाही, ते कॉलेज 'बघू या लागतंय का' म्हणून वर टाकू नका. लागतं.

पायरी ४ : पैसे, आणि ते कधी येतात

लोक फी मोजतात. घर वाकतं ते राहण्या-जेवणानं. आम्ही वहीत मांडलेला पुण्याचा महिन्याचा आकडा असा होता: तिघींच्या खोलीत कॉट बेसिसवर जागा ५,०००, दोन वेळची मेस ३,५००, नाश्ता-चहा आणि रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हाचं जेवण १,५००, शहरातला प्रवास ८००, मोबाइल-साबण-झेरॉक्स ४००, गावाकडं येणं-जाणं १,२००. बेरीज १२,४००. वर्षात दहा महिने धरले तर १,२४,०००. पण खोली सुट्टीतही सोडता येत नाही, म्हणून दोन महिन्यांचं नुसतं भाडं आणखी १०,०००. झाले १,३४,०००. पहिल्या वर्षी दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि गादी-बादली-टेबललॅम्प मिळून १६,००० वेगळे. चार वर्षांचे साडेपाच लाख, आणि भाडं दरवर्षी थोडं वाढतंच, म्हणून आम्ही ६ लाख धरले. फी सोडून.

हे आमचे आकडे. तुमचे भागाप्रमाणं बदलतील. पण रविवारचं जेवण आणि सुट्टीतलं भाडं हे दोन रकाने विसरू नका. २००४ साली मी हेच दोन विसरलो होतो आणि दर महिन्याच्या वीस तारखेनंतर वडापावावर दिवस काढत होतो.

आता राहण्याचाही खर्च लिहा, तो शून्य नसतो. शहरात राहणाऱ्याला गाडीचं पेट्रोल किंवा केएमटीचा (शहर बसचा) पास, डबा आणि बाहेरचं खाणं मिळून महिन्याला दोन-तीन हजार सहज जातात. खरा फरक या दोन आकड्यांमधला.

मग येते वेळ. नोकरदाराच्या घरात पगार दरमहा येतो, तिथं एवढी अडचण नाही. पण आपल्याकडच्या अर्ध्या घरांचा पैसा गोठ्यातून आणि फडातून येतो. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी मिळतं. उसाचं बिल कारखाना सुरू झाल्यावर, म्हणजे हिवाळ्यात. नियमाप्रमाणं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, मिळायला हवी, पण प्रत्यक्षात कधी मिळते हे मी ऊस उत्पादकाला सांगायची गरज नाही. फी मात्र जुलै-ऑगस्टला भरायची असते, नेमकी पेरण्या, शाळेची पुस्तकं आणि सोसायटीचं कर्ज यांच्या गर्दीत. आमच्या वहीत म्हणून बारा महिन्यांचा एक तक्ता केला: कुठल्या महिन्यात किती येणार, किती जाणार. जून ते ऑक्टोबर सगळे रकाने लाल. ते पाच महिने कशावर काढायचे याचं उत्तर नसेल, तर वर्षाची बेरीज जुळते म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. आम्ही ठरवलं की महिन्याचा खर्च दुधाच्या बिलातून आणि फी आधीच्या हंगामातल्या ऊसबिलातून बाजूला काढायची. म्हणजे तयारी बारावीच्या निकालाआधी, फेब्रुवारी-मार्चलाच करायला हवी होती. आम्हाला ते जूनमध्ये सुचलं.

पायरी ५ : योजना आणि कर्ज

इथं आळस महागात पडतो. राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटांतल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि खासगी किंवा अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. भावासारखे पुष्कळ बाप "मुलीचं सगळं फुकट आहे" एवढंच ऐकून येतात. फुकट आहे ती फी. कॉट आणि मेस नव्हे.

राहण्यासाठी वेगळ्या योजना आहेत. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून पुण्या-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. इतर मागासवर्गीयांसाठी आधार योजना आहे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी ही कागदपत्रं एप्रिल-मेमध्येच काढा. जूनमध्ये तहसील कचेरीत सगळा जिल्हा रांगेत उभा असतो. आणि एक पक्कं धरून चाला: हे पैसे येतात, पण उशिरा. घरमालक महाडीबीटीची, म्हणजे या योजनांच्या सरकारी पोर्टलची, वाट बघत नाही.

शैक्षणिक कर्जात वसतिगृहाचा आणि मेसचा खर्चही धरता येतो, हे बँकेत आपण होऊन कुणी सांगेलच असं नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची पतहमी योजना आहे, त्यामुळं जमीन तारण मागितली तर कारण विचारा. शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढत राहतं. ५ लाख रुपये, १० टक्के दर, ७ वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता साधारण ८,३०० रुपये बसतो, आणि चढलेलं व्याज त्यात धरलेलं नाही. दुसऱ्या पायरीत विचारलेल्या मधल्या पोराच्या पगारातून हा हप्ता वजा करून बघा. उरलेल्या पैशात त्या शहरात राहता येत असेल तर कर्जाला घाबरू नका.

पायरी ६ : जागा रात्री बघा

वसतिगृह आणि आपलं नातं जुनं आहे. १९०१ साली शाहू महाराजांच्या पुढाकारानं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातलं पोर शाळा नाही म्हणून नव्हे, राहायला जागा नाही म्हणून शिकत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. सव्वाशे वर्षांनी पुण्यात कॉट शोधताना पुन्हा तेच दिसतं.

कॉलेजचं वसतिगृह मिळत असेल तर पहिल्या वर्षी तेच घ्या, जेवण वाईट असलं तरी. नाहीतर जागा बघायला दिवसाढवळ्या जाऊ नका. रात्री साडेनऊला कॉलेज ते खोली चालत जा. रस्त्यावर दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, कुत्री किती आहेत. पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, हे मालकाला न विचारता तिथं राहणाऱ्या मुलांना विचारा. डिपॉझिटची पावती लेखी घ्या. लाइटबिल भाड्यात आहे की वेगळं, फाटक किती वाजता बंद होतं, पाहुणा चालतो का. आणि मेसमध्ये पैसे भरण्याआधी दोन वेळ जेवा, त्यातली एक वेळ सोमवारची असू द्या. कोल्हापूरच्या जिभेला तिकडची गोड आमटी पहिल्या घासाला कळते. तिची सवय होते, पण अर्धवट भाजलेल्या चपातीची होत नाही.

पायरी ७ : आठ दिवस करून बघा

ही पायरी हसण्यावारी नेतात, पण मला सगळ्यात कामाची वाटते. निकालाची वाट बघत पोरं मे महिन्यात मोकळीच असतात. त्यांतले आठ दिवस मुलानं दुसऱ्या शहरात काढायचे. मावशीकडं नको, मावशी लाड करते. एखाद्या ओळखीच्या पोराच्या खोलीवर चालेल. स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे, एक वेळची खिचडी स्वतः लावायची, बँकेतलं एक काम आणि दवाखान्याची एक फेरी एकट्यानं करायची, ठरलेल्या पैशांत भागवायचं. घरून फोन रात्री एकदाच.

बाहेर पाठवणं शक्य नसेल तर घरातच करा. आठ दिवस मुलाला कुणी उठवायचं नाही, ताट वाढायचं नाही, इस्त्री द्यायची नाही. पुतणी पाचव्या दिवशी अकराला उठली. तिनंच वहीत लिहिलं, "मला कुणी उठवलं नाही तर मी उठत नाही." हे कारण तिला अडवायला कुणी वापरलं नाही. पण सव्वासातच्या लेक्चरचं काय करणार, हा प्रश्न तिनं स्वतः घेतला.

पायरी ८ : मागे राहणाऱ्यांचं काय

पोर गेलं की त्याची खाट रिकामी होते, तशी त्याच्या वाटणीची कामंही कुणाच्या तरी अंगावर पडतात. संध्याकाळची धार कोण काढणार? आजीला तपासणीला सीपीआरला कोण नेणार? वडिलांच्या मोबाइलवरचं बँकेचं काम कोण करणार? यादी करा आणि प्रत्येक कामासमोर नाव लिहा. बहुतेक नावं आईचीच येतात, हे दिसलं की मग बोलणं खरं सुरू होतं.

पुराचा विचार बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा पुण्यातली पोरं फोन धरून बसली होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. नदीकाठच्या घरातलं मूल बाहेर जाणार असेल तर पाणी ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला आलं की घरचे कुठं जाणार आणि जनावरं कोण हलवणार, हे जूनमध्येच ठरवा. तो निघून येऊ शकणार नाही, असंच धरा.

मुलीच्या बाबतीत घराची भीती वेगळी असते, ती थट्टेनं उडवू नका. भाऊ एकदा वैतागून म्हणाला, "तिकडं काय सोनं वाटत्यात काय?" मी त्याला एवढंच विचारलं, की हाच प्रश्न मुलाला विचारला असतास का. तो गप्प बसला. मग भीतीचे तुकडे केले. रात्रीचा रस्ता: पायरी सहा. प्रवास: मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, दिवसाची गाडी घ्यायची. आजारपण: त्या शहरातलं ओळखीचं एक घर, नंबर दोघांकडं. उरलं ते "लोक काय म्हणतील". त्याला वहीत रकाना नव्हता.

मधल्या वाटा

पुणे नाहीतर कोल्हापूर, असा दोनच दारांचा वाडा नाही हा. सांगली पन्नासेक किलोमीटरवर, इचलकरंजी त्याहून जवळ. एसटीच्या विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते. फक्त तास मोजा: जाऊन-येऊन रोज तीन तास म्हणजे महिन्याच्या पंचवीस दिवसांचे पंचाहत्तर तास. गाडीत उभ्यानं अभ्यास होत नाही. जाऊन-येऊन दोन तासांच्या आत असेल तर रोजची ये-जा, त्यापुढं असेल तर तिथंच वसतिगृह, असा आमचा नियम ठरला.

दुसरी वाट उशिरा जाण्याची. पदवी इथं, पदव्युत्तर बाहेर. एकविसाव्या वर्षी जाणारा माणूस अठराव्या वर्षीच्यापेक्षा पैसेही जपून वापरतो आणि विषयही ओळखतो. डिप्लोमा इथं करून थेट दुसऱ्या वर्षाला बाहेर जाता येतं, तेही वाईट नाही. यूपीएससीसाठी पुण्याला पळणाऱ्यांनी कोल्हापुरातलं सरकारी पूर्व प्रशिक्षण केंद्र आधी बघावं.

राहायचं ठरलं तर

तेही मन लावून करा. घरात राहून कॉलेज करणाऱ्या मुलाला घर अजून शाळकरीच समजतं. लग्न आहे, सुट्टी काढ. पाहुणे आलेत, स्टँडवर जा. पहिल्याच महिन्यात ठरवून घ्या की आठवड्यातली ठरावीक संध्याकाळ त्याची. विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय, 'कमवा आणि शिका' योजना, सुट्टीत एमआयडीसीत काम: यांतली एक तरी गोष्ट पहिल्या वर्षापासून धरा. नाहीतर रंकाळ्यावरचा कट्टा चार वर्षं कशी गिळतो, ते मी स्वतः बघितलंय.

जायचं ठरलं तर

पहिले दोन महिने दर शनिवारी घरी पळू नका, आणि घरच्यांनीही बोलावू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळ्यात जड जातं. मला त्या आठवड्यात गंगावेशीतल्या धारोष्ण दुधाची आठवण येऊन रडू आलं होतं, आणि घरी असताना मी ते दूध कधी प्यायलो नव्हतो. आठवण येणं वेगळं आणि झोप-जेवण तुटणं वेगळं. पंधरा दिवस झोप लागत नसेल, तासांना जाववत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२. दोन्ही नंबर आईच्या फोनमध्येही ठेवा.

मूळ कागदपत्रं कॉलेजला देण्याआधी सगळ्यांचे तीन झेरॉक्स संच आणि फोनमध्ये स्कॅन. खर्चाची वही रोज रात्री, झोपण्याआधी.

आणि फेरविचाराची तारीख आधीच ठरवा. आम्ही पहिल्या सत्राचा निकाल ही ठरवली. त्या दिवशी निकाल, खर्चाची वही आणि पहिल्या पायरीचे दोन कागद एकत्र काढायचे. अभियांत्रिकीत दुसऱ्या वर्षी रिकाम्या जागांवर कॉलेज बदलता येतं, त्यामुळं परतीचं दार अगदीच बंद नसतं. पुतणी पुण्याला गेली नाही आणि कोल्हापुरातही राहिली नाही. सांगलीत वसतिगृहावर आहे, एक शनिवार सोडून येते. तिची वही या जानेवारीत उघडली तेव्हा खर्च अंदाजापेक्षा महिन्याला अकराशेनं जास्त निघाला, त्यातले सातशे चहा-वडापावचे.

परत यायचंच ठरलं, तर एक काम सगळ्यात आधी करा. खोलीच्या मालकाला महिनाभर आधी लेखी नोटीस द्या आणि त्याच्या प्रतीवर त्याची सही घ्या. मी २००५ च्या डिसेंबरमध्ये नुसतं तोंडी सांगून एसटीत बसलो, आणि डिपॉझिटचे दोन हजार अजून यायचेत.